जुन्या जीपगाडीचा इंधनमार्ग व त्यातील दोषांची परीक्षा

यंत्र बंद पडले म्हणजे मनुष्य बहुधा दोन प्रकारे वागतो. एक प्रकार असा की, जो भाग प्रथम हाती लागेल तो तो खोलतो, निम्मे स्क्रू धुळीत हरवितो, बाजारातून नवा भाग आणून बसवितो, आणि तरीही गाडी सुरू झाली नाही म्हणजे दुसरा भाग आणावयास धावतो. दुसरा प्रकार असा की, तो प्रथम स्वस्थ उभा राहतो, यंत्रात क्रमाने काय काय घडावयास पाहिजे हे मनात आणतो, आणि त्यापैकी कोठपर्यंत घडत आहे व कोठून पुढे घडत नाही, एवढेच शोधून काढतो. पहिल्याचा खर्च फार होतो व ज्ञान तेवढेच राहते. दुसऱ्याचा खर्च थोडा होतो व प्रत्येक बिघाडागणिक त्याचे ज्ञान वाढते. विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञानाच्या तासास आपण जी पद्धती शिकतो ती हीच दुसरी होय. ती केवळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींपुरती नाही, हे दाखविण्याकरिता जुन्या जीपगाडीचा इंधनमार्ग हा विषय येथे घेतला आहे.

विषय आपल्या परिचयाचा आहे. घाटनांदूरच्या आसपास, बालाघाटाच्या पठारावर, जुनी पेट्रोलची जीप एखाद्या शेतातील कोठ्याजवळ किंवा गॅरेजच्या आवारात उभी असलेली आपण पाहिली असेल. पावसाळ्यात काळ्या मातीच्या ज्या वाटेवर दुसरी वाहने रुततात, तेथून ही चारही चाकांच्या जोरावर बाहेर येते. रात्री-अपरात्री कोणा आजाऱ्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात न्यावयाचे असेल आणि घरची गाडी हीच असेल, तर ती मध्येच न थांबणे ही केवळ सोयीची गोष्ट राहत नाही. यास्तव हा पाठ पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे.

जीपचा जन्म युद्धाच्या निकडीतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्यास हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी दिला. पुढे विलिज-ओव्हरलँड व फोर्ड ह्या दोन कारखान्यांनी १९४५ पर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. आपल्या देशात १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने चालणाऱ्या कंपनीने १९४७ मध्ये विलिज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळातील जीपचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे व ६० अश्वशक्तीचे होते. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली होती व तीत सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावे. पुढे इंजिने व कार्बोरेटर बदलले, कित्येक गाड्यांत डिझेल इंजिने आली. परंतु पेट्रोलच्या जुन्या जीपचा इंधनमार्ग मूळ स्वरूपात तोच राहिला.

तो मार्ग असा. टाकीतून निघालेली धातूची बारीक नळी गाडीच्या सांगाड्याच्या कडेने पुढे येते. वाटेत गाळणी, म्हणजे फिल्टर असतो. नंतर इंजिनाच्या अंगास बसविलेला पंप येतो. आपल्याकडील मिस्त्री त्यास ‘एसी पंप’ म्हणतात. पंपापासून आखूड नळी कार्बोरेटरात जाते व तेथून पेट्रोल हवेत मिसळून सिलिंडरात शिरते. टाकी, नळी, गाळणी, पंप, कार्बोरेटर ही पाच ठिकाणे ओळीने पाठ करावी.

पंपाचे काम समजण्यास सोपे आहे. आत लवचिक पडदा असतो. त्यास डायफ्राम म्हणतात. इंजिन फिरू लागले म्हणजे एक दांडी हा पडदा ओढते. पोकळी वाढते, आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि टाकीतील पेट्रोलवर पडणारा हवेचा दाब पेट्रोलास नळीतून पुढे लोटतो. मग स्प्रिंग पडद्यास परत ढकलते व पेट्रोल कार्बोरेटराकडे जाते. दोन झडपा त्यास मागे फिरू देत नाहीत. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी: टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढले जाते, आणि पंपापासून पुढे ते ढकलले जाते. ढकलण्याच्या बाजूस भोक पडले तर पेट्रोल ठिबकते व दोष डोळ्यांस दिसतो. ओढण्याच्या बाजूस भोक पडले तर बाहेर थेंबही न येता हवा आत शिरते, आणि पंप पेट्रोलाऐवजी हवाच ओढीत बसतो. म्हणून ‘नळी कोरडी आहे, अर्थात ती चांगली आहे’ हा तर्क मागच्या अर्ध्या मार्गात लागू पडत नाही.

कार्बोरेटराचे तत्त्व ह्याहून जुने आहे. प्रवाह जेथे अरुंद जागेतून वेगाने जातो तेथे त्याचा दाब घटतो, हा नियम डॅनियल बर्नुली ह्याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आला. कार्बोरेटराच्या गळ्यात हवेची वाट मुद्दाम अरुंद केलेली असते; तेथे दाब घटला की जेट नावाच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल वर येऊन त्याचा फवारा होतो. शेजारच्या वाटीत पेट्रोलची पातळी कायम राखण्यासाठी पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. पातळी चढली की तो सुईच्या आकाराच्या नीडलने पेट्रोलची वाट बंद करतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरतेपणी जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आकारमानाने पाहिले तर एक लिटर पेट्रोलास सुमारे नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. एवढे नाजूक प्रमाण केसासारख्या छिद्रांवर अवलंबून आहे हे कळल्यावर, चिमूटभर गंजाने गाडी का अडते हे वेगळे सांगावयास नको.

हातात पाना घेण्यापूर्वी एक कळकळीची सूचना आहे. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि ती शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी तयार होते. ही वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते व दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे १.४ ते ७.६ असले म्हणजे ठिणगीसरशी भडका होतो. म्हणूनच रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते. तीत द्रव नसतो, पण वाफ व हवा ह्यांचे मिश्रण असते. टाकीस घरी डाग देऊ नये अथवा वेल्डिंग करू नये. काम उघड्या जागेत, इंजिन थंड झाल्यावर, बॅटरीची तार काढून करावे. नळी तोंडाने ओढू नये. फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही प्राणावर बेतू शकते. आग लागलीच तर वाळू अथवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक यंत्र वापरावे. पाण्यावर पेट्रोल तरंगते व आग पसरते. आणि विद्यार्थ्यांनी हे काम वडीलधारी जाणती व्यक्ती जवळ असल्यावाचून मुळीच करू नये.

शुभवर्तमानातील नाणे हरवलेल्या स्त्रीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने दिवा लावला, घर झाडले व नाणे सापडेपर्यंत शोध चालविला. शोधाचा तिचा क्रम आपण अवश्य उचलावा; दिवा मात्र घेऊ नये.

पहिला प्रश्न असा की, दोष इंधनाचाच आहे काय? इंजिनास पेट्रोल, हवा, योग्य वेळी ठिणगी व सिलिंडरातील दाब ही चार पाहिजेत. ठिणगीची परीक्षा प्रथमच, सर्व नळ्या जोडलेल्या असताना व पेट्रोलचा वास नसताना उरकून घ्यावी. मग प्लग काढून पाहावा. बराच वेळ स्टार्टर मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला व उग्र वासाचा असेल तर ते अधिक येत आहे, किंवा ठिणगी नाही.

दुसरी परीक्षा मार्गाच्या मध्यावर करावी, म्हणजे निम्मा मार्ग एकदम निर्दोष ठरतो. इंजिन बंद ठेवून हवेची गाळणी काढावी आणि थ्रॉटलची दांडी हाताने एकदम उघडून कार्बोरेटराच्या गळ्यात पाहावे. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरापर्यंत पेट्रोल पोहोचले आहे, आणि दोष पुढे आहे. धार उडाली नाही तर बहुधा मागे शोधावे.

मागे शोधताना कार्बोरेटराकडील नळी सोडून तिचे टोक काचेच्या बाटलीत धरावे, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार काढावी व बॅटरी जोडून दुसऱ्यास स्टार्टर फिरविण्यास सांगावे. पेट्रोल जोराने, ठोक्याठोक्याने आले तर पंप व त्यामागील सर्व ठीक आहे. त्याचा दाब चौरस इंचास दीड ते अडीच पौंड एवढाच असतो, म्हणून फार मोठ्या धारेची अपेक्षा करू नये. बुडबुड्यांसह आले तर ओढण्याच्या बाजूस हवा शिरत आहे. रबरी जोड, नळीची नटे व गाळणीचे गॅस्केट तपासावे. मुळीच आले नाही तर पंपामागील नळी सोडून, टाकीचे झाकण उघडून, चाकात हवा भरण्याच्या पंपाने नळीतून टाकीकडे हवा सोडावी. टाकीत बुडबुड्यांचा आवाज आला तर वाट मोकळी आहे व पंप दोषी आहे. बाटलीत जमलेले पेट्रोल अर्धा तास स्थिर ठेवून पाहावे: तळाशी पाण्याचा वेगळा थर अथवा तांबूस गंज दिसला तर टाकी उतरवून स्वच्छ करावी लागेल. नुसता फिल्टर बदलणे म्हणजे विहीर न उपसता घागर घासणे होय.

पंपाचा पडदा फाटण्याचा एक गुप्त परिणाम आहे. पेट्रोल पंपाच्या खालच्या छिद्रातून ठिबकते, किंवा बाहेर न येता इंजिनाच्या तेलात उतरते. तेल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात. म्हणून तेलाची पट्टी काढून वास घ्यावा. पातळी पूर्वीपेक्षा चढलेली व वास पेट्रोलचा असेल तर गाडी तेथेच थांबवावी. पडदा व तेल दोन्ही बदलल्यावाचून इंजिन फिरवू नये.

आता कार्बोरेटर. पेट्रोल वाहून जात असेल तर नीडलखाली कचरा असेल, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल. फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर निदान झाले. भोक कोठे आहे हे पाहण्यास तो गरम पाण्यात बुडवावा, म्हणजे तेथून बुडबुडे येतील. पाणी विस्तवापासून दूर आणून मगच हे करावे. अशा फ्लोटला डाग देण्यापेक्षा नवा घेणे बरे. कारण डागाच्या वजनाने तो खोल तरंगतो, पातळी चढते व गाडी जास्त पेट्रोल खाऊ लागते. जेट साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असते. तारेने छिद्र रुंदावते, आणि मग दोष कचऱ्याचा न राहता कायमचा होतो. योग्य द्रावणात भिजवून हवेने फुंकणे एवढाच उपाय करावा.

एकाच लक्षणाची तीन कारणे कशी वेगळी करावी, ह्याचा एक नमुना पाहू. गाडी सुरू होते, चार-पाच किलोमीटर जाते, गुदमरून बंद पडते, आणि वीस मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालते. पहिले कारण टाकीच्या झाकणाचे: त्यातील हवेचे छिद्र बुजले म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होते व पंपास पेट्रोल ओढवत नाही. दुसरे कारण गंजाचे: तो ओढीबरोबर नळीच्या तोंडाशी जमतो व ओढ थांबली की खाली बसतो. तिसरे कारण उष्णतेचे: नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि द्रवासाठी बनविलेला पंप वाफेस पुढे ढकलू शकत नाही. तिन्हींत गाडी सारखीच थांबते. परीक्षा मात्र वेगवेगळ्या आहेत. थांबताक्षणी झाकण उघडावे. ‘सुस्स’ असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली तर दोष झाकणाचा. नाही तर पंप व नळी ह्यांवर ओले फडके ठेवावे. गार होताच सुरू झाली तर दोष वाफेचा. पंपाला काचेची वाटी असेल तर तापलेल्या काचेवर गार पाणी पडू देऊ नये. ह्यानेही उमज पडली नाही तर वर सांगितल्याप्रमाणे टाकीकडे हवा सोडावी. त्यानंतर गाडी चालली तर दोष गंजाचा. तीन परीक्षा, एक पैशाचाही खर्च नाही.

उष्णतेचा दोष आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४० अंशांवर गेला म्हणजे, विशेष जाणवतो. पेट्रोल हा अनेक द्रवांचा समूह आहे; त्यातील हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि ओढण्याच्या बाजूस दाब कमी असल्याने त्याहूनही लवकर. उपाय म्हणजे नळी धुराच्या तापलेल्या नळीपासून दूर घेणे व मध्ये पत्र्याचा आडोसा करणे. शेजारीच गाडी थांबवून बॉनेटवर पेट्रोलचा डबा टांगण्याचा जो घाट कोणी घालतात, तो तापलेल्या इंजिनावर मृत्यू टांगण्यासारखा आहे.

शेवटी एक नवी गोष्ट. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस परजिल्ह्यांत व कर्नाटकात जातात. त्या उसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल नावाचे मद्यार्कही निघते. २०२२ साली देशभर पेट्रोलमध्ये सरासरी शेकडा १० इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट पुरे झाले; शेकडा २० मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि २०२५ मध्ये सरासरी मिश्रणही त्या प्रमाणास पोहोचले. जुन्या जीपचे रबर, बूच व धातू ह्या मिश्रणाकरिता निवडलेले नव्हते. परिणाम चार आहेत. जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगतात किंवा तडकतात. टाकीतील वर्षानुवर्षांचा थर सुटून फिल्टर तुंबतो. इथेनॉल आपल्याबरोबर प्राणवायू आणत असल्याने जुन्या जेटचे मिश्रण किंचित हवेकडे झुकते. आणि ते पाण्याशी सलगी करीत असल्याने ओलावा शोषतो, व तो फार झाला म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो. म्हणून नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घ्यावेत, पहिल्या काही आठवड्यांत फिल्टर वरचेवर पाहावा, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरातील पेट्रोल काढून ठेवावे.

हे मिश्रण डोळ्यांनी पाहता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर, मोजनळीत १० घनसेंटिमीटर पाणी व तितकेच पेट्रोल घालून बूच लावून हलवावे व स्थिर ठेवावे. पेट्रोलातील इथेनॉल पाण्यात उतरते व खालचा थर वाढतो. तो सुमारे १२ घनसेंटिमीटर झाला तर पेट्रोलात शेकडा २० च्या आसपास इथेनॉल होते असे समजावे. आपल्याच गावच्या माणसांनी तोडलेला ऊस ह्या नळीत परत आलेला दिसतो, आणि रसायनशास्त्राचे पुस्तक एकदम घरचे वाटू लागते.

पालकहो, मुलाने घरच्या गाडीचा किंवा मोटरीचा दोष शोधण्याची इच्छा दर्शविली तर त्यास ‘हात लावू नको’ एवढेच सांगून परत पाठवू नये. धोक्याच्या कामास अवश्य अडवावे. परंतु मिस्त्री काम करीत असता त्यास शेजारी उभे राहू द्यावे, आणि प्रत्येक भाग बदलण्यापूर्वी ‘हाच दोषी कशावरून?’ हा प्रश्न त्यास विचारू द्यावा. चांगला मिस्त्री ह्या प्रश्नाने रागावत नाही. त्याच्यापाशी उत्तर असते. ज्याने एका नळीत सत्य शोधण्याची ही सवय लावून घेतली, तो पुढे पिकावरील रोग, हिशेबातील चूक किंवा शेजाऱ्याविषयी उठलेली आवई, ह्यांपैकी कशाचाही निकाल परीक्षेवाचून देणार नाही.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. टाकी व पंप ह्यांमधील नळीस भोक पडले असता पेट्रोल बाहेर का ठिबकत नाही?
२. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची का?
३. फ्लोटला डाग दिल्याने पेट्रोलचा खर्च का वाढतो?
४. गाडी दुपारी थांबते, पहाटे थांबत नाही. तीन कारणांपैकी कोणते अधिक संभवते? आपल्या उत्तराची परीक्षा कशी कराल?
५. घरातील कोणतेही एक साधे यंत्र घ्या. त्यात शक्ती अथवा द्रव कोणत्या क्रमाने पुढे जातो ते लिहा, व मध्यावर घेता येईल अशी एक परीक्षा सुचवा.